गरिबी रंगवा: नवशिक्यांसाठी सोपे धडे

राणी व्हिक्टोरियाचं लंडन, हातात ब्रश आणि खिसा रिकामा, अशा होतकरू चित्रकारांनी नाउमेद होऊ नये. दारिद्र्य इथे पैशाला पासरी मिळतं आणि बेताने रंगवलं तर चांगल्या भावाने खपतं.

धडा 1: गरीब पारखून घ्या. शिवणकाम करणारी तरुणी सर्वांत उत्तम. 1843 मध्ये टॉमस हूडची शर्ट शिवणाऱ्या बाईवरची कविता गाजली आणि 1844 मध्ये रिचर्ड रेडग्रेव्हने तशीच बाई रंगवून प्रदर्शनात मांडली. घड्याळात रात्रीचे अडीच, हातात शिवण, नजर मात्र वर, देवाकडे. ही नजर घोटून घ्या. ती देवाकडे बघत असली की प्रेक्षकाला निवांत हळहळता येतं. तिने त्याच्याकडेच पाहिलं, तर बिचाऱ्याला अंगातला शर्ट टोचू लागेल.

धडा 2: वस्तीत एकट्याने जाऊ नये. गुस्ताव्ह डोरे ईस्ट एंडमध्ये हिंडला तो साध्या वेशातल्या पोलिसांना घेऊन. जागेवर चार रेघा ओढायच्या, बाकीचं आठवून काढायचं. 1872 मध्ये त्याच्या 180 चित्रांचं लंडनवरचं पुस्तक निघालं. गरिबीच फार दाखवली, अशी टीकाकारांची कुरकुर झाली, पुस्तक खपलं.

धडा 3: गरिबी कमी पडली तर वरून घाला. डॉ. बर्नार्डो आपल्या आश्रमातल्या मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो विकत. 1877 मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं आणि काही फोटो रचून काढल्याचं बाहेर आलं. तुम्ही निर्धास्त असा. ब्रशवाल्याला कोणी लवादापुढे नेत नाही.

धडा 4: भिंती कोऱ्या ठेवा. इथे ल्यूक फाइल्ड्स चुकला. रात्रीच्या निवाऱ्याच्या चिठ्ठीसाठी पोलीस ठाण्याबाहेर कुडकुडणारी रांग त्याने 1869 मध्ये ‘ग्राफिक’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात काढली. 1874 मध्ये तिचं भलंमोठं तैलचित्र रॉयल अकादमीत लागलं, तेव्हा बघ्यांना आवरायला कठडा घालावा लागला. इथवर ठीक. पण रांगेमागच्या भिंतीवर त्याने इनामाच्या जाहिराती रंगवल्या: टाकून दिलेल्या मुलासाठी 2 पौंड, हरवलेल्या पग कुत्र्यासाठी 20. गिऱ्हाइकाला रडवावं, हिशेब मांडायला लावू नये.

धडा 5: वेळेवर बाहेर पडा. ते चित्र गोळ्या आणि मलमं विकून गबर झालेल्या टॉमस हॉलोवेने घेतलं. आजही ते त्याने काढलेल्या कॉलेजात आहे. फाइल्ड्सही पुढे शहाणा झाला. बड्यांची व्यक्तिचित्रं करत करत त्याने सातव्या एडवर्डचं अधिकृत राजचित्र रंगवलं. तेव्हा नवशिक्यांनो, सुरुवात रांगेपासून करा, पण रांगेत अडकून पडू नका. तिथे अडकायला गरीब आहेत.