कमावलेला तिखटखाऊ

तिखट खाणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात: उपजत आणि कमावलेले. उपजत वर्गातला माणूस भाकरीवर खर्डा घेतो, जेवतो, हात धुतो आणि कामाला लागतो. त्याबद्दल त्याला काही सांगायचे नसते. कमावलेल्याला मात्र फक्त सांगायचेच असते. हा मूळचा आमटीत गूळ पडणाऱ्या घरातला. बदलीच्या किंवा सोयरिकीच्या निमित्ताने कोल्हापुरात येतो आणि पहिल्याच रविवारी मिसळीपुढे उघडा पडतो. "कट जरा बेतानं घाला" हे त्याचे शब्द शेजारच्या टेबलावर पोहोचतात आणि तिथून "पावणं पुण्याचं काय?" एवढीच विचारपूस होते. साधना सुरू होते ती इथून.

सुरुवातीला तो ब्रेडच्या स्लाइसचे नुसते टोक कटात बुडवतो. मग चमच्याने घेऊ लागतो, मग अर्धी वाटी, आणि काही महिन्यांनी न मागता आलेल्या वाटीवर आणखी एक मागवतो. या काळात कपाळावर घाम येतो, कान लाल होतात, नाक वाहते. या सर्व लक्षणांचा निकाल तो "काय उकडतंय!" एवढ्यावर लावतो, मग महिना पौषाचा का असेना. उचकी लागली तर कोणीतरी आठवण काढत असते. दही मागवलेच तर ते पचनासाठी असते. वास्तविक मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने आग तोंडभर पसरते. दह्यादुधातले प्रथिन आणि स्निग्धांश ती धुऊन नेतात. पण हे कबूल करणे म्हणजे आग लागल्याचे कबूल करणे.

त्याची प्रगती मात्र खोटी नसते. कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटते, तो खरे तर ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी असतो. तोंड भाजत नाही. भाजल्याची वर्दी तेवढी मेंदूला जाते. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. रोज तीच वर्दी जाऊ लागली, की एकाच तक्रारीचे अर्ज रोज येणाऱ्या कचेरीप्रमाणे मज्जातंतूंची टोके थंड पडतात. सहनशक्ती म्हणतात ती हीच. तिखटखाऊला हे पटत नाही. त्याच्या मते प्रश्न छातीचा असतो.

शास्त्राप्रमाणेच मिरचीही त्याला अर्धीच कळलेली असते. तिखटपणा बियांत असतो असे समजून तो चारचौघांत बिया वेचून खातो. मिरचीचा खरा जाळ बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो. रंगावरूनही तो फसतो. लालभडक रस्सा भुरकून मिशीवर ताव मारतो, तेव्हा त्या रश्शाला बहुधा ब्याडगीने रंग दिलेला असतो. ही मिरची रंगाला थोर, तिखटाला सौम्य. मग यजमानीणबाई पानाच्या कडेला बोटभर हिरवा ठेचा वाढतात. तो दिसायला गरीब असतो. तिखटखाऊ तो एका घासात संपवतो आणि त्यानंतर काही वेळ संभाषणात भाग घेत नाही. डोळे पुशीत "छान आहे, चव आहे" असे म्हणतो. बाई विचारतात, "आणखी वाढू?" त्या घरात ठेच्याला नाही म्हणायला जी छाती लागते, ती त्याने अजून कमावलेली नसते.

पुण्याला जाताना तो कांदा-लसूण मसाल्याची पुडी सोबत नेतो. सासरच्या आमटीवर ती भुरभुरतो आणि "तुमच्याकडे तिखट खातच नाहीत" असे त्याच सासूबाईंना सांगतो, ज्यांनी त्याला पहिल्या दिवाळसणाला भज्यांतली मिरची काढून दिलेली असते.

पुढच्या अवस्थेत तो आकड्यांवर येतो. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पातळ केला की जिभेला लागेनासा होतो, यावरून तिखट मोजण्याची पद्धत काढली. त्या मापाने ईशान्येकडील भूत जोलोकिया दहा लाखांवर, तर २०२३ मध्ये विक्रम करणारी पेपर एक्स २६ लाख ९३ हजारांवर. हे आकडे तो पगाराच्या आकड्यापेक्षा मोकळेपणाने सांगतो. मात्र जिभेवरचे ते ग्राहक थेट पचनमार्गाच्या दुसऱ्या टोकापर्यंत असतात आणि तोंडाने केलेला सराव तिथे लागू होतोच असे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय घडले, या विषयावर मात्र तो आकडेवारी देत नाही.

ही कमाई टिकाऊ नसते. कावीळ, पित्त किंवा डॉक्टरांची तंबी यांमुळे काही आठवडे मऊभात-वरणावर काढले, की थंडावलेली टोके पुन्हा जागी होतात. बरा होऊन तो थेट मिसळीवर जातो आणि पहिल्याच घासाला ठसका लागतो. तो चमचा खाली ठेवतो, आजूबाजूला पाहतो आणि म्हणतो, "हल्ली यांनी तेल बदललंय." मग वेटरला बोलावून हळूच दही मागवतो.