मामांची बीट

पालघर जिल्ह्यात रूळ मरत नाहीत, वाढतात. आधी मुंबई-बडोद्याच्या अप आणि डाऊन अशा दोन लाइनी होत्या. मग शेजारी मालगाड्यांचा वेगळा कॉरिडॉर आला, विरार-डहाणू चौपदरीकरण निघालं, आणि बुलेट ट्रेन तर बोईसरला थांबा घेऊन येणारच आहे. आम्हा एडवणकरांना या वैभवाचा उपयोग बेताचाच. गाव समुद्राला टेकलेलं, स्टेशन सफाळ्याला आणि मध्ये एसटी. एसटी वेळेवर आली की गाडी लेट असते, आणि गाडी वेळेवर असली की एसटी अजून डेपोत चहा पीत असते. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आनंद झाला होता. पुढे गर्दी अशी वाढली की बसायला मिळणं हा योग पत्रिकेत असावा लागतो.

अशा माणसाच्या वाचनात जेव्हा येतं की परदेशात लोक बंद पडलेल्या रेल्वेलाइनीवरून हौसेनं पायी फिरतात, तेव्हा तो विरघळणारच. इंग्लंडात 1963 साली बीचिंग नावाच्या गृहस्थांनी अहवाल दिला, हजारो मैलांची लाइन तोट्यात म्हणून बंद झाली, आणि आता त्यातल्या कित्येक ठिकाणी लोक कुत्र्याला फिरवतात. लाइन आहे, गर्दी नाही, चौथी सीट नाही, ‘आगे बढो’ नाही. मला तर हा मोक्षच वाटला.

सोबतीला कोण, हा प्रश्न नव्हता. मामा निवृत्त होते आणि रुळावर चालण्याचा त्यांच्याइतका अनुभव आमच्या अख्ख्या आळीत कुणाला नव्हता. मामा पश्चिम रेल्वेत की-मन, म्हणजे चावीवाले. रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याचे फटाके घेऊन आपली बीट, म्हणजे ठरलेला टप्पा, चालायची, ढिली चावी दिसली की ठोकायची, सांध्याचे बोल्ट आवळायचे. पावसाळा असो, वैशाख असो.

“फिरायला?” मामा म्हणाले. “रुळावर? आणि पैसे कोण देणार?”

“कुणीच नाही. उलट आपलेच जातील.”

मामांनी माझ्याकडे आईच्या नजरेनं पाहिलं. ताप आलाय का, असं.

मी आधी खंडाळ्याचं नाव काढलं. बोरघाटात 1863 साली गाडी सुरू झाली तेव्हा चढ इतका उभा होता की इंजिन मध्येच एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेनं वर न्यावी लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 साली नव्या मार्गामुळे बंद पडलं. मामांनी एकच विचारलं, “तिथे रूळ आहेत?” नाहीत म्हटल्यावर विषय संपला. रूळ नसलेली लाइन पाहायला जाणं त्यांच्या हिशेबी नवरा नसलेल्या लग्नाला जाण्यासारखं होतं.

मग राहिली शकुंतला. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी सुमारे 190 किलोमीटरची नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायचा म्हणून गोऱ्या साहेबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेली. कापूस मँचेस्टरला गेला आणि बदल्यात मँचेस्टरहून 1921 साली बनलेलं एक वाफेचं इंजिन आलं. त्या इंजिनानं 1994 सालच्या एप्रिलपर्यंत गाडी ओढली, मग डिझेल आलं. कापसाच्या मोबदल्यात एवढा टिकाऊ माल मिळाल्याचं दुसरं उदाहरण वऱ्हाडात सापडणं कठीण. गंमत म्हणजे बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्याच नावावर राहिली आणि गाडी चालवणारी सरकारी रेल्वे भाडेकरू झाली. ‘इंग्रजांना अजून भाडं जातं’ असं लोक चवीनं सांगतात. पण तिचा कारभार पाहणारी किलिक निक्सन कधीच देशी हातांत आली होती. शेवटी शेवटी स्टेशनांवर माणसंच उरली नव्हती, त्यामुळे गाडीबरोबरचे लोकच तिकिटं विकत, इंजिन सोडवत, झेंडी दाखवत. गेली काही वर्षं तीही गाडी थांबली आहे. ब्रॉडगेजची घोषणा झाली आहे. घोषणेला रूळ लागत नाहीत.

डिसेंबरात अमरावती एक्स्प्रेसनं आम्ही पहाटे मूर्तिजापूरला उतरलो. मामांच्या पिशवीत सुक्या बोंबलाची चटणी होती आणि रात्रभर आमच्या कंपार्टमेंटमध्ये दोन बर्थ रिकामे राहिले, हे इतिहासात नोंदवून ठेवतो.

शकुंतलेचे रूळ पाहून मामा पाच मिनिटं बोललेच नाहीत. त्यांचं आयुष्य साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजवर गेलेलं. इथे दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मामा मध्ये उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “यावरून माणसं जायची?”

“कापूस पण.”

“कापूस ठीक आहे.”

आम्ही लाखपुरीच्या दिशेनं निघालो. दोन्ही बाजूंना तूर आणि वेचणीला आलेला कापूस, मध्ये काळ्या मातीत अर्धवट गिळलेले स्लीपर. मामांची चाल आयुष्यभर स्लीपरमागे स्लीपर अशी बसलेली. इथे स्लीपर कधी दिसायचा, कधी नाही, त्यामुळे ते दर चार पावलांनी लंगडीत जायचे. त्यात दर मिनिटाला मागे वळून पाहणं. वळण आलं की मला दंडाला धरून खाली उतरवायचे.

“मामा, गाडी बंद आहे.”

“हे गाडीला माहीत आहे का?”

यावर उत्तर नसतं. मग कलम 147 आलं. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना फिरणं हा गुन्हा, हे मामा सफाळ्याच्या अर्ध्या गावाला ऐकवत आले आहेत. 2023 सालच्या जुलैत दूधसागरला रुळांवरून चालणाऱ्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ त्यांनी मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर पाठवला होता. आता स्वतःच रुळात उभे. जमीन कंपनीची, गाडी रेल्वेची आणि गाडीच नाही, मग परवानगी मागायची कुणाची, आणि उठाबशा काढायच्याच झाल्या तर कुणासमोर, यावर दीड किलोमीटर गेला.

पण एका सांध्यापाशी मामा खाली बसले आणि हौसमौज तिथेच संपली. फिशप्लेटच्या चार बोल्टांपैकी दोन गायब होते. तिसरा बोटानं फिरत होता. गंजाचा पापुद्रा मामांच्या नखावर आला, तो त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि खिशातल्या रुमालाला पुसला. दोन रुळांच्या मधोमध हाताएवढ्या जाडीची बाभूळ उभी होती. “हे कुणाच्या बीटमध्ये येतं?” त्यांनी मला विचारलं. जणू मी रुळांची देखरेख करणारा पी.डब्ल्यू.आय.च होतो. मग त्यांनी एक दगड शोधला आणि बाजूचा वर आलेला खिळा ठोकायला घेतला. ठाण, ठाण, ठाण. पिशवीतून टेप निघाली. मी म्हटलं टेप कशाला आणली, तर म्हणाले, “तू कॅमेरा आणलास, मी बोललो?”

आता मोकळ्या रानात लाइनीवर कुणी टेप लावून वाकला आणि दुसरा वहीत आकडे लिहू लागला, की वऱ्हाडात त्याचा एकच अर्थ होतो. आधी एक शेळीवाला आला. मग सायकलवाला. मग कापूस वेचणाऱ्या दोन मावश्या ओटी सावरत बांधावर उभ्या राहिल्या.

“सर्वेले आले का तुमी?” शेळीवाल्यानं विचारलं.

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा म्हणाले, “शेळी रुळाला बांधायची नाही.”

शेळी सुटली. आणि तेवढ्यावरून सगळ्यांची खात्री पटली. इतक्या अधिकारानं सरकारच बोलू शकतं. गावातून चहा आला. एक आजोबा काठी टेकत आले आणि गाडी चालू होईल तेव्हा सकाळी लवकर सोडा म्हणाले, म्हणजे तालुक्याला कचेरी उघडायच्या आत पोचता येईल. दुसऱ्यानं हळूच बाजूला घेऊन विचारलं की त्याचा गोठा लाइनीला जरा लागून आहे, त्याचं काय होईल. मामांनी पावलं टाकून अंतर मोजलं आणि गोठ्याकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिलं. गोठेवाल्यानं तत्काळ आणखी एक चहा मागवला.

“आम्ही काही सर्वेवाले नाही,” मी अखेर म्हटलं. “आम्ही पालघरहून आलोय. फिरायला.”

यावर हशा पिकला. मुंबईकडची माणसं, खर्च करून, बंद लाइनीवर फिरायला! सायकलवाला म्हणाला, “साहेब, नसन सांगायचं तर नका सांगू. पण असं तं नका सांगू.”

शेवटी कुणीतरी शाळेच्या वहीचं पान फाडून निवेदन लिहिलं. आमच्या गावाले थांबा द्यावा, गाडी लवकरात लवकर चालू करावी, खाली सह्या, दोन अंगठे. दुसरी प्रत पुढे करून म्हणाले, पोच द्या. मी मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा लावला, निवेदन शुद्धलेखनासकट वाचलं, एक ऱ्हस्व दीर्घ केला, आणि पोच दिली. सही, तारीख, आणि खाली सुवाच्य अक्षरात हुद्दा: की-मन, सफाळे (निवृत्त).