धोतर नेसून लक्षद्वीप

साखऱ्याच्या निवृत्त गुरुजींनी क्रूझला जायचं जाहीर केलं, तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, "अन् हळद कोण शिजवणार?" समुद्राची चौकशी कुणीच केली नाही. सेनगाव तालुक्यात समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकात असतो.

गुरुजींची अट एकच: गर्दी नको. आषाढीला पंढरपूर, शिवरात्रीला औंढा नागनाथ. रांगांत उभं राहून गुडघे केव्हाच कामातून गेलेले. पुतण्याने मुंबई-गोवा जहाजाची जाहिरात दाखवली. डेकवर नाचणारी पोरं बघून गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, म्हणाल्या, "ही तं वरात हाय." परदेशाचं नावच नको. तिकडच्या 'आयकॉन ऑफ द सीज' जहाजावर साडेसात हजारांहून जास्त प्रवासी मावतात, आणि असल्या अजस्र जहाजांना विटून व्हेनिसने २०२१ साली त्यांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली.

उरलं लक्षद्वीप. बेटं ३६, वस्ती फक्त १० बेटांवर. परवान्याशिवाय बाहेरच्याला प्रवेश नाही, म्हणूनच तिथे रेटारेटी नाही. परवान्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागला. आयुष्यभर पोरांच्या दाखल्यांवर 'वर्तणूक चांगली' लिहिणारे गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत.

कोचीहून बेटापर्यंत चौदा ते अठरा तास. केबिनची भिंत डोळ्यांना स्थिर दिसते, कान मात्र सांगतो की आपण हलतोय. या भांडणात पोट हरतं. गुरुजींचं रात्रभर हरत होतं. बाई आल्याची वडी चघळत घोरल्या.

खरा प्रसंग सकाळी गुदरला. बेटाभोवती प्रवाळ आणि उथळ पाणी, म्हणून जहाज बाहेरच थांबतं. त्याच्या कुशीतल्या दारातून खाली डुलणाऱ्या छोट्या बोटीत उतरायचं. बोट लाटेवर वर आली की पाय टाकायचा, एवढंच. गुरुजी लाटा मोजू लागले. हिशेब जुळला तेव्हा बोट खाली गेली होती. पुढच्या लाटेला पाय टाकला, तर धोतराचा सोगा दाराच्या कडीत अडकला. एक पाय बोटीत, एक जहाजात, हातात दाराचा दांडा, मधे अरबी समुद्र.

"अहो, दांडा सोडा! मागं लोक खोळंबलेत!" बाई ओरडल्या.

"अगं, सोडला तर जाईन!"

दोन खलाशांनी त्यांना बगलेत धरून अलगद बोटीत ठेवलं. सोगा वरच राहिला, थोडासा.

बोट लगूनमध्ये शिरली. पाणी निळंशार, वाळू पांढरी. बाईंनी हात बुडवून बोट चाखलं. "खरंच खारट हाय हो." समुद्राचं पाणी खारट असतं, हे गुरुजींनी किती पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनीही गुपचूप बोट बुडवलं, आणि बराच वेळ बोलले नाहीत.

जायचं असेल तर पावसाळा टाळा, तेव्हा समुद्र खवळलेला असतो. परवान्याचा अर्ज वेळेत करा. आणि पँट घाला.