झेरॉक्स मशीनबाबत खरेदी उपसमितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष व खरेदी उपसमितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
आपली पतसंस्था, मुख्य शाखा, कर्जत



ऑफिसातलं झेरॉक्स मशीन ठेवावं की बदलावं, हा विषय आपण पुन्हा एकदा 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवल्याचं कळलं. अभिनंदन. घाईघाईने घेतलेल्या निर्णयांनी भल्याभल्या संस्था बुडाल्या. आपल्यावर तो आळ कुणी घेऊ शकणार नाही.

मशीन ठेवावं, अशीच या सभासदाची नम्र विनंती आहे. नव्या मशीनला सही लागते. तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, सूचक, अनुमोदक, ठराव, आणि उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर द्यायला एखादा जबाबदार माणूस. दुरुस्तीला यातलं काही लागत नाही. आज ड्रम, पुढच्या महिन्यात ब्लेड, दिवाळीनंतर पिकअप रोलर, असं तुकड्या-तुकड्याने बदललं की प्रत्येक बिल व्यवस्थापकांच्या अधिकारात बसतं आणि 'किरकोळ दुरुस्ती' खात्यात निवांत पडून राहतं. या खात्याची गेल्या काही वर्षांची बेरीज कुणी केलेली नाही. करूही नये. निघालेला आकडा इतिवृत्तात लिहावा लागेल.

जून लागला की मशीन अडून बसतं आणि आपण त्याचं वय काढतो. हा मात्र अन्याय. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेतली ओल कागद शोषून घेतो, ओलसर कागदावर टोनर नीट बसत नाही, फ्यूजरची धग लागली की कागद वळतो आणि आतच अडकतो. रिमची पाकिटं फोडून खिडकीखाली ठेवायची आपली पद्धत चालू राहिली, तर लाखाचं नवं मशीनही जुलैत हेच करील. झाकणाच्या डब्याला किती खर्च येतो, हे पाहायला वेगळी उपसमिती नेमावी.

शिवाय लाइट. खोपोलीला 1915 पासून आणि आपल्या भिवपुरीला 1922 पासून पाण्यावर वीज तयार होते. ती सुरू झाली मुंबईसाठी. इकडे पहिल्या सरीलाच लाइट जाते आणि अर्धा भाजलेला कागद मशीनच्या पोटात राहतो. भोर घाटाचा 37 ला 1 चढ चढायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात. आपल्या मशीनलाही दोन बँकर लागतात: एक झाकण दाबून धरायला, दुसरा ट्रे आत रेटायला. नवं मशीन आलं तर या दोघांना काउंटरवर बसवावं लागेल. याचा विचार झालाय का?

जळका वास येतो अशी कुणी तक्रार केलीच, तर त्याला इतिहास सांगावा. चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात झेरॉक्सच्या पद्धतीची पहिली प्रत काढली. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. 1959 मध्ये झेरॉक्स 914 बाजारात आलं, ते तापून कागद पेटवायचं, म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडंच द्यायची. आपलं बिचारं नुसता वास सोडतं.

त्या 914 ची एक गोष्ट मात्र सभेत निघू देऊ नये. बहुतेक गिऱ्हाइकं ते विकत न घेता भाड्याने घेत. महिन्याला 95 डॉलर, त्यात 2,000 प्रती, पुढे मीटर पडेल तसे पैसे. म्हणजे ठेवायचं की बदलायचं या वादाच्या बाहेर तिसरी वाट तेव्हापासूनच आहे, आणि आजही पानागणिक दर ठरवून मशीन ठेवून देणारे मिळतात. दुरुस्ती त्यांच्या गळ्यात. अडचण एवढीच, की मग दर महिन्याला मीटर वाचावा लागेल आणि आपण किती पानं काढतो ते सगळ्यांना कळेल.

आता हिशेबाचं. मशीन बंद असतं तेव्हा संस्थेचा छदामही खर्च होत नाही. 'समोरून काढून आणा' एवढं म्हटलं की झालं. खांडसचा नाहीतर पाथरजचा सभासद सकाळची एसटी धरून येतो. आधार, पॅन, रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ, आणि जामीनदारांचंही तेच सगळं. समोरच्या दुकानात रांग. तो प्रती घेऊन येतो तोवर आपली जेवणाची सुट्टी. मग एखादं पान पुसट म्हणून परत, तोवर दुपारची गाडी गेलेली. उद्या या. त्याची दोन दिवसांची मजुरी आपल्या कुठल्याच खात्यात पडत नाही, म्हणून जुनं मशीन स्वस्त दिसतं. ते बदललं तर हा सगळा खर्च संस्थेच्या अंगावर येईल. एवढा धोका कोण पत्करणार?

आणि एवढी पानं हवीत तरी कशाला? डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून ऑनलाइन मिळतो, पडताळणीचा क्रमांक त्यावरच असतो. माझं आधार आपल्या कपाटात निदान चार फायलींत आहे, तरी दर नूतनीकरणाला नव्या प्रती द्यायच्या. मागणी निम्म्यावर आणली तर हेच मशीन आणखी काही वर्षं खरंच चालेल. माफ करा, हे वाक्य उपरोधात बसत नाही.

एवढं सांगून नवं घेतलंच, तर जुनं खालापूर शाखेला धाडू नये. मुख्य शाखेत न चालणारा पंखा, खुर्ची आणि माणूस तिकडे पाठवायचा आपला पायंडा आहे, पण चौक-वावोशीच्या सभासदाने आपलं काय वाकडं केलंय? वजनावर भंगारातही घालू नये. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचं असतं. त्याआधी आत हार्डडिस्क आहे का, ते मेकॅनिककडून उघडून पाहावं. या आकाराच्या डिजिटल मशीनमध्ये ती बऱ्याचदा असते आणि काढलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. असली तर ती पुसून किंवा फोडून मगच मशीन दाराबाहेर काढावं.

कळावे.

आपला विश्वासू,
एक सभासद
(आणि चार कर्जांना जामीनदार)