लिटर किती, ते सांगा

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, तेल काढता येतं. आरागिरणीतल्या भुशापासूनही येतं. यात शंका घेण्याचं कारण नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत ते कित्येक वर्षं निघतं आहे. शंका घ्यायची ती त्याला जोडून येणाऱ्या पुढच्या वाक्याची: हे तेल थेट गाडीत घालता येईल.

थेट येत नाही. का येत नाही हे समजून घ्यायलाच हवं, कारण पैसे बुडतात ते याच ठिकाणी.

वाळलेली काडी बारीक करून हवेशिवाय पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत झटकन तापवली आणि निघालेली वाफ दोनेक सेकंदांत थंड केली, की वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत काळपट द्रव हाती येतो. भाषणात हाच आकडा सांगितला जातो. पुढचं कोणी सांगत नाही. या द्रवात १५ ते ३० टक्के पाणी असतं. वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, ऑक्सिजन असतो. त्याची उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. तो इतका आंबट असतो की साधं पोलाद खातो. डिझेलमध्ये मिसळत नाही, आणि टाकीत ठेवला की दिवसेंदिवस काकवीसारखा दाट होत जातो.

दर्जा सुधारायचा म्हणजे हा ऑक्सिजन काढायचा. त्याला दोन वाटा आहेत. एक, दाबाखाली हायड्रोजन द्यायचा. मग ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो. पण हायड्रोजन महाग, आणि आज तो बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो. दुसरी वाट म्हणजे वाफ झिओलाइटसारख्या उत्प्रेरकावरून न्यायची. इथे ऑक्सिजन बराचसा कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो, आणि जाताना आपल्याला इंधनात हवा असलेला कार्बनच सोबत नेतो. शिवाय उत्प्रेरकावर काजळीचा थर बसतो, तो जाळून काढावा लागतो. थोडक्यात, तेल जितकं चांगलं तितकं थोडं. म्हणून प्रकल्प कोणाचाही असो, पहिला प्रश्न एकच विचारला पाहिजे: एक टन कोरड्या मालातून गाडीत चालेल असं इंधन किती लिटर?

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने मोजली आहे. किऑर नावाची कंपनी, तिच्यामागे पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांचं भांडवल. पाइनच्या लाकडापासून पेट्रोल-डिझेल करू, असा तिचा दावा. राज्याने साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. २०११ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. कोलंबस गावात रोज ५०० टन लाकूड पचवायचा कारखाना उभा राहिला. २०१३ मध्ये तिथून इंधन बाहेर पडलं खरं, पण २०१४ च्या जानेवारीत कारखाना थांबला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. राज्य सरकार फसवणुकीचा आरोप करत कोर्टात गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने बोट ठेवलं ते नेमकं लिटरवर. एक टन कोरड्या लाकडामागे ६७ गॅलन, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर, असा आकडा कंपनीने गुंतवणूकदारांना दिला होता. तो गाठायला लागणारी कार्यक्षमता अजून हाती आलेली नव्हती, हे मात्र सांगितलं नव्हतं. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने ते प्रकरण मिटवलं.

रसायनशास्त्र इथे खोटं नव्हतं. आकडा घाईचा होता, आणि त्यावर जनतेचा पैसा लागला होता. मला चीड येते ती याची, कारण अशा एका प्रकरणानंतर प्रामाणिक प्रकल्पांनाही बँका दारात उभं करत नाहीत.

प्रामाणिक वाट स्वीडनमध्ये दिसते. पूर्व किनाऱ्यावरच्या येव्हले शहरात आरागिरणीला लागूनच पायरोसेल कंपनीचा कारखाना २०२१ मध्ये सुरू झाला. गिरणीतला भुसा शेजारीच तापवून त्याचं तेल करायचं, आणि ते पश्चिम किनाऱ्यावरच्या ल्युसेशिलच्या रिफायनरीत खनिज तेलासोबत थोड्या प्रमाणात घालायचं. दर्जा तिथे सुधारतो. हायड्रोजन आहे, उत्प्रेरक आहे, तो जाळून साफ करायची सोय आहे, ग्राहकही आहेत. नवा पांढरा हत्ती बांधावा लागत नाही. मला ही पद्धत पटते. आपल्याकडेही आधी हीच करून पाहावी: काडीचं तेल तालुक्यात, ऑक्सिजन काढायचं काम आधीच उभ्या असलेल्या रिफायनरीत. पऱ्हाटी हलकी असते, ट्रॉली वजनाने भरण्याआधी आकारानेच भरते. तेल मात्र पाण्याहून जड. काडी लांब नेण्यापेक्षा तेल लांब नेणं केव्हाही परवडेल.

पण स्वीडनची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. तिथला भुसा स्वच्छ असतो, त्यात राख एक टक्काही नसते आणि तो एकाच जागी पडतो. आपली पऱ्हाटी धुऱ्याधुऱ्यावर विखुरलेली, मुळासकट उपटलेली, मुळांना मातीची ढेकळं. तिच्यात पालाश जास्त, आणि पालाश तापलेल्या वाफेला बिघडवतो: तेल कमी होतं, वायू, पाणी आणि कोळसा वाढतो. माल झटकून, वाळवून आणणं हा इथे रसायनशास्त्राचाच भाग आहे. त्या कामाची मजुरी हिशेबात धरायलाच हवी.

तणसापासून इथेनॉल ही दुसरी वाट, आणि तिच्यात पुण्याचं नाव मोठं आहे. इंडियन ऑइलच्या पानिपतच्या प्रकल्पाचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. उद्घाटनाच्या वेळी सांगितलं गेलं की वर्षाला दोन लाख टन तणसापासून तीन कोटी लिटर इथेनॉल मिळेल. भागाकार केला की टनामागे दीडशे लिटर, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता. आकडा असा उघड सांगणं योग्यच आहे. आता दरवर्षी प्रत्यक्ष किती टन आले आणि किती लिटर निघाले, हेही प्रकल्पाच्या फाटकावर रंगवून लावावं. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला हा नियम हवा.

आता विदर्भाकडे. महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टरांवर असतो. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तरी ८० लाख टन होते. प्रकल्प अहवालात हा सगळा माल 'उपलब्ध' म्हणून लिहिला जातो, आणि तिथेच मी हरकत घेते. त्यातली कितीतरी पऱ्हाटी चुलीत जाते. काही गोठ्याच्या कुडाला, कुंपणाला लागते. काही आता यंत्राने बारीक करून शेतातच गाडतात, आणि आमच्या हलक्या जमिनींना ती हवी आहे. उरते ती धुऱ्यावर जाळली जाणारी. विकत घ्यायची ती एवढीच, आणि तिचा भाव असा हवा की काडी पेटवणाऱ्याचा हात थांबेल.

भाव मिळाला तर आणखी एक मोठं काम होईल. गुलाबी बोंडअळी उभ्या पऱ्हाटीत आणि न फुटलेल्या बोंडांत मुक्काम करते. फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेला कापूस, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. २०१७ मध्ये या अळीने विदर्भाचा कापूस पोखरला तेव्हापासून तर हे सतत सांगितलं जातं. तरी फरदड राहते, कारण शेवटच्या वेच्यात चार पैसे दिसतात आणि पऱ्हाटी उपटायला उलट मजुरी जाते. उपटलेल्या पऱ्हाटीचे रोख पैसे मिळाले तर हा हिशेब फिरेल.

पण जिची आज किंमत नाही, ती पऱ्हाटी सरपण म्हणून कोणीही मागून नेतं. भूमिहीन बायका मोळ्या बांधून नेतात. उद्या तिला भाव आला की शेतमालक ती देणार नाही, आणि त्यांची चूल महागेल. म्हणून तोडणी, झटकणी आणि गोळा करण्याचं काम याच बायकांच्या गटांना द्यावं, टनावर दर ठरवून. कारखान्याला स्वच्छ माल मिळेल, त्यांना गॅसच्या सिलिंडरचे पैसे सुटतील.

आणि भाव ठरेल तो कोरड्या वजनावर. ताज्या पऱ्हाटीत निम्मंही पाणी असू शकतं, म्हणजे ओलाव्याच्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे अर्धे होऊ शकतात. उसाच्या काट्यावर काय चालतं याच्या तक्रारी या राज्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या आहेत. इथे पहिल्या हंगामापासूनच ओलावा मोजण्याचं यंत्र काट्याशेजारी, ट्रॉलीवाल्याच्या डोळ्यांसमोर असावं, आणि त्याचा आकडा पावतीवर छापून त्याच्या हातात पडावा.