शनिवारचा निष्ठावंत

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा निष्ठावंत चाहता म्हणजे आपल्या विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला तर सोमवारपर्यंत साऱ्या जगाला माफ करणारा आणि हरला तर बुधवारपर्यंत घरच्यांशीही मोजकेच बोलणारा गृहस्थ. गृहस्थ म्हणायचे ते सोयीसाठी. गृहिणी, शाळकरी मुले आणि ऐंशीच्या आज्या यांच्यातही ही जमात तितकीच फोफावलेली आहे. ही मंडळी ज्याला फुटबॉल म्हणतात त्या लंबगोल चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो काखोटीला मारून पळायचे, फेकायचे आणि बहुतेक वेळा त्याच्यासकट आडवे व्हायचे, असा एकूण प्रकार. निष्ठावंताचा विद्यापीठाशी पदवीपुरता तरी संबंध असतोच, असे नाही. कित्येकांना विद्यापीठाचे ग्रंथालय माहीत असते ते त्याच्या मागे गाडी लावायला जागा मिळते म्हणून.

या निष्ठेला दीडशे वर्षांची परंपरा आहे. पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्यानंतर रटगर्सच्या वाट्याला फारसे मोठे यश आले नाही. पण कॉलेज फुटबॉलचे जन्मस्थान हा मान कोणाला हिरावून घेता येत नाही आणि तिथल्या चाहत्याला तेवढे पुरते. पुढे व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत वाढले. अलाबामा, नेब्रास्का, आयोवा, मिसिसिपी अशा राज्यांच्या वाट्याला मात्र एनएफएल या व्यावसायिक लीगचा एकही संघ आला नाही. तिथे विद्यापीठाचा संघ तोच राज्याचा संघ. शेतकरी, गॅरेजवाला, दंतवैद्य आणि न्यायाधीश तिथे एकाच रंगाची टोपी घालून एकाच पंचाचा उद्धार करतात.

या सगळ्या व्यवस्थेत कायम असतो तो फक्त चाहता. खेळाडू चार-पाच वर्षांत बाहेर पडतात, प्रशिक्षक हाकलले जातात, कुलगुरू बदलतात. त्यामुळे संघाविषयी प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलण्याचा हक्क आपलाच आहे, अशी निष्ठावंताची खात्री असते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली सात विद्यापीठांतल्या निरीक्षणांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढते, असे त्यात दिसले. शिवाय विजय ‘आपला’ आणि पराभव ‘त्यांचा’ असतो, हेही आढळले. निष्ठावंताच्या मते हे निष्कर्ष कच्च्या चाहत्यांना लागू आहेत. पक्का चाहता हरल्यावरही तोच शर्ट घालतो. तो धुतलेला नसतो एवढेच, कारण गेल्या विजयाचे पुण्य पाण्यात जाण्याची भीती असते.

नियमित मोसम बारा सामन्यांचा. ऑगस्टअखेर सुरू होतो, नोव्हेंबरअखेर संपतो. त्यातले घरच्या मैदानावरचे सामने सहा-सात. वर्षातले हे सहा-सात शनिवार जगण्याचे आणि बाकीचे दिवस नोकरीचे, अशी निष्ठावंताची विभागणी असते. सामना दुपारी असला तरी शनिवार पहाटेच सुरू होतो. मैदानाबाहेर गाड्या लावून त्यांच्या मागच्या दाराशी जी पंगत बसते तिला टेलगेट म्हणतात. गोमांसाचा मोठा तुकडा आदल्या रात्रीपासून मंद धुरावर ठेवलेला असतो. निष्ठावंत त्याच्याशेजारी घडीच्या खुर्चीत बसून दर तासाला झाकण उघडतो, आत बघतो, गंभीरपणे मान हलवतो आणि झाकण पुन्हा लावतो. यापलीकडे तो काही करत नाही. पण ते दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मिसिसिपी विद्यापीठात ग्रोव्ह नावाच्या झाडीत हीच पंगत तंबूत झुंबरे टांगून, चांदीची भांडी मांडून, टाय लावून बसते. टेनेसीचे चाहते नदीतून होड्या हाकत येतात. रहदारी टाळण्यासाठी १९६२ मध्ये एका रेडिओ निवेदकाने ही वाट काढली. आता त्या ताफ्याला ‘आरमार’ म्हणतात आणि किनाऱ्याला होडी लावायला जागा मिळत नाही.

मग स्टेडियम. अ‍ॅन आर्बर गावातल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. गावाची लोकसंख्या त्याहून थोडीच जास्त. मुंबईचे वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसे इथे एका वेळी बसतात आणि ती मुलांचा खेळ बघायला आलेली असतात. प्रत्यक्ष खेळ साठ मिनिटांचा असला तरी सामना साडेतीन तास चालतो. लुइझियाना स्टेट आणि ऑबर्न यांच्यात १९८८ मध्ये झालेल्या सामन्यात शेवटी एक टचडाउन झाले, तेव्हा प्रेक्षकांच्या जल्लोषाची नोंद लुइझियाना स्टेटमधल्या भूकंपमापकावर झाली. अंतिम गुण होते ७-६. एवढ्या किरकोळ गुणसंख्येवर जमीन हलवून दाखवणे हे या चाहत्यालाच जमते.

शुभंकर म्हणून पाळलेल्या प्राण्यांवरही त्याची अशीच श्रद्धा असते. जॉर्जिया विद्यापीठाच्या पांढऱ्या बुलडॉगला मैदानाच्या कडेला वातानुकूलित घर आहे आणि त्याच्या दिवंगत पूर्वजांच्या समाध्या स्टेडियमच्या आवारातच आहेत. टेक्सास ए अँड एमच्या रेव्हेली या कुत्रीला तिथल्या लष्करी छात्रदलात सर्वोच्च हुद्दा असतो. आधीच्या रेव्हेलींना मैदानाबाहेर पुरले ते गुणफलक त्यांच्या नजरेसमोर राहील अशा बेताने. स्टेडियम वाढवताना फलक झाकला गेला, तेव्हा खास त्यांच्यासाठी बाहेर एक छोटा गुणफलक बसवण्यात आला. मरणोत्तरही स्कोअर कळला पाहिजे, ही मागणी निष्ठावंताला मुळीच अवाजवी वाटत नाही.

प्रेमापेक्षा त्याचे वैर जास्त काटेकोर असते. मिशिगनशी सामना असलेल्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर एम या अक्षरावर लाल फुली मारली जाते. अलाबामा आणि ऑबर्न हे एकाच राज्यातले शेजारी. १९०७ च्या बरोबरीनंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता आणि पंचांची निवड यांवरून त्यांचे बिनसले आणि पुढचा सामना थेट १९४८ मध्ये झाला. एक्केचाळीस वर्षांचा अबोला आणि तोही भत्त्यावरून, हे भाऊबंदकी जाणणाऱ्या मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. याच जोडीच्या ३० नोव्हेंबर २०१३ च्या सामन्यात २८-२८ अशी बरोबरी होती आणि एक सेकंद उरला होता. अलाबामाने मारलेली किक तोकडी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून अख्खे मैदान धावत पार केले आणि ऑबर्न ३४-२८ ने जिंकले. त्या सेकंदाला आपण कुठे उभे होतो, हे दोन्हीकडचा प्रत्येक चाहता सांगू शकतो.

पराभव ही निष्ठावंताची खरी मिळकत. वरच्या गटात सव्वाशेहून अधिक संघ आहेत आणि विजेतेपद वर्षाला एक. या हिशेबाने हा छंद दिवाळखोरीचा आहे. पण नेब्रास्काचे स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला भरलेले आहे. २०१७ ते २०२३ ही सातही वर्षे या संघाने जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त होते. २०२१ मध्ये तर बारापैकी नऊ सामने गेले आणि नऊही दहापेक्षा कमी गुणांनी. दणकून हरणाऱ्याला विसरता येते. थोडक्यात हरणाऱ्याला वर्षभर विषय मिळतो. ‘तो पंच नसता तर’ या वाक्यावर निष्ठावंत ऑगस्टपर्यंत सहज तग धरतो.

मोसम नसताना त्याची उपजीविका अफवांवर चालते. सतरा वर्षांचा कोणी होतकरू खेळाडू टेबलावर मांडलेल्या टोप्यांपैकी कोणत्या विद्यापीठाची टोपी उचलतो, हे पाहायला पन्नाशीची माणसे कामाच्या वेळेत पडद्यासमोर बसतात. प्रशिक्षकाला जिंकत असेपर्यंत जावयाचा मान असतो. मग एक दिवस त्याला घालवण्यासाठी पैसे मोजावे लागतात. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये एका प्रशिक्षकाचा करार मोडला, त्याची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि पक्षांतर सोपे झाले. विद्यापीठांच्या आघाड्याही फुटल्या: पॅसिफिकच्या काठावरचे स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे नवल वाटायचे कारण नाही. नवल एवढेच की या सगळ्या पळापळीत कार्यकर्ता जागचा हललेला नाही.

या निष्ठेची लागण मराठी घरांतही होते. उच्च शिक्षणासाठी गेलेला मुलगा पहिल्या शनिवारी ‘यात फूट कुठे आहे?’ असे विचारतो आणि मोसम संपायच्या आत पंचाच्या निर्णयावर घसा बसवून घेतो. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या आजोबांच्या अंगावर मिशिगनचा किंवा पर्ड्यूचा टीशर्ट दिसतो तो त्यामुळेच. त्यांना संघाचा स्कोअर ठाऊक नसतो, नातवाचा असतो.

निष्ठावंत मनाने वाईट नसतो. आयोवाच्या मैदानासमोर मुलांचे रुग्णालय आहे. २०१७ पासून पहिले सत्र संपले की दोन्ही संघांचे हजारो चाहते उभे राहून खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतात. तेवढा वेळ पंचही निर्दोष असतो. निष्ठावंताशी सोयरीक करायला म्हणूनच हरकत नाही. फक्त त्या मुलखात मुहूर्त काढताना शरद ऋतूतले शनिवार टाळावेत. लग्नाला तो येईल, आहेर करील, जेवेलही. पण मंगलाष्टकांच्या वेळी त्याच्या एका कानात काय चालू आहे, हे विचारू नये.