खानदानी गंज

तात्यांच्या सायकलीला कुणी कौतुकानं "काय चकाचक ठेवलीय हो!" म्हणालं, की तात्यांचा चेहरा पडतो. ते खिशातून भिंग काढतात, हँडल उजेडात धरतात आणि चकाकी नेमकी कुठून आली याचा तपास सुरू करतात. त्याऐवजी "वा, किती जुनाट दिसतेय!" म्हणावं, मग चहा मिळतो, बरोबर शंकरपाळेही. बदली होऊन मी लखनौला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून तात्यांकडे माझी चहाची ददात नाही.

तुमच्याकडेही असे लोक असणारच. पुण्यात तर पेठेगणिक एक सापडेल. कुणाकडे व्हॉल्व्हचा रेडिओ, कुणाकडे तांब्याचा बंब. पण ती मंडळी निदान वस्तू चिंचेनं घासून लख्ख ठेवतात. तात्यांचा पंथ निराळा. वस्तू दुरुस्त झाली पाहिजे, पण दुरुस्त झाल्याचा संशयसुद्धा कुणाला येता कामा नये.

सायकल रॅलेची. रॉड ब्रेक, तीन गिअर. स्टर्मी-आर्चर कंपनी आपल्या हबवर साल आणि महिना ठोकायची, त्यावरून हिचा जन्म मार्च 1955चा. दर मार्चमध्ये काकूंना रव्याचे लाडू करावे लागतात. एकदा इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणीतरी सहज म्हणालं, "रॅले? मग आसनसोलची असेल. सेन-रॅलेचा कारखाना तिकडेच होता." तात्या आरती अर्धी टाकून घरी गेले आणि मंत्रपुष्पांजलीच्या वेळेला परत आले. प्रसाद घेताना त्या गृहस्थांना म्हणाले, "हब तर नॉटिंगहॅमचाच आहे." फ्रेमबद्दल अवाक्षर नाही.

हँडल, क्रँक, रिम आणि बगळ्यांच्या आकृत्या कापलेलं ते प्रसिद्ध चेनव्हील, सगळं क्रोमचं. आणि त्या सगळ्यावर गंज. इथून तात्यांचं शास्त्र सुरू होतं. त्यांच्या लेखी गंज दोन जातींचा, खानदानी आणि उपरा. उपरा म्हणजे परवाच्या पावसात आलेला, नारिंगी, बोटाला लागणारा. तो काढायचा. खानदानी तपकिरी असतो, बारीक ठिपक्यांचा, जागच्या जागी मुरलेला. त्याच्या वाटेला जायचं नाही.

"अहो, क्रोम कुठे गंजतं?" तात्या समजावतात. "तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. त्याखाली निकेल, त्याखाली पोलाद. वरच्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून ओल आत शिरते आणि पोलाद गंजून वर येतं. म्हणजे हा ठिपका आतून आलाय. आतून आलं ते खानदानी."

उपरा गंज काढायला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. ही युक्ती खरोखरच चांगली आहे, घरी करून बघा. पण विकतची नवी फॉइल तात्यांना "फार उद्धट" वाटते, म्हणून माझ्या डब्यातल्या पोळ्यांची फॉइल दर शनिवारी त्यांच्याकडे जमा होते. मग ते अंगणात पाटावर बसतात. चार वेळा बोळा फिरवला की थांबून भिंग, पुन्हा चार वेळा, पुन्हा भिंग. एखादा खानदानी ठिपका उडाल्याची नुसती शंका आली तरी बोळा खाली, हात पुसले, आणि त्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. उरलेली दुपार सुतकात जाते.

पायडलमधून "टक" असा आवाज येऊ लागला तेव्हा सायकल अमीनाबादच्या मिस्त्रीकडे नेली. तो बघताच खूश झाला. "ऐसा क्रोम चढ़वा देंगे हुज़ूर, दुल्हन लगेगी."

"दुल्हन नहीं चाहिए. दादी हैं, दादी ही रहने दीजिए."

अन्य कुठल्या शहरातला मिस्त्री हसला असता. यानं हात कपाळाशी नेऊन सायकलीला आदाब केला आणि विचारलं, "तो दादीजान को तकलीफ़ क्या है?"

तकलीफ कॉटर पिनची होती. क्रँक आखाशी जखडून ठेवणारी ती पाचर झिजली होती. जुनी पिन तात्यांनी मागून घेऊन चिठ्ठी लावून डब्यात ठेवली. नवी मात्र बसवू दिली नाही, कारण ती चमकत होती. ती गच्चीवर मिठाच्या पाण्यात भिजत पडली. मी म्हणालो, "तात्या, हा तर उपरा गंज."

"दत्तक," तात्या म्हणाले.

या माणसाची सगळी नोकरी मानकनगरला, आरडीएसओत गेली. रेल्वेचं चाक किती झिजलं की बाद करायचं, रूळ कधी बदलायचा, याची मानकं जिथे ठरतात ते हे ठिकाण. तिथे मिलिमीटरभर झीज त्यांना खपत नसे. निवृत्तीनंतर मात्र घरातलं काहीच बाद होईना. पंख्याची खडखड खानदानी, गळका नळ खानदानी, फ्रीजच्या दाराला लावलेली दोरी खानदानी. एकदा काकूंचा आवाज बसला, तर काकूच घाईघाईनं म्हणाल्या, "हे उपरं आहे हो, कालच्या दह्याचं."

लखनौचा मराठी माणूस पाहुण्याला आधी भातखंड्यांनी 1926 साली काढलेल्या संगीत महाविद्यालयाबद्दल सांगतो. तात्या पाहुण्याला रेसिडेन्सीत नेतात. "1857च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी पडलेली भोकं. बघा, तशीच आहेत. कुणी सिमेंट भरलंय?" बाहेर आले की हजरतगंजच्या नावानं बोटं मोडतात. गंजला दोनशे वर्षं झाली म्हणून 2010च्या सुमारास तिथे रंगरंगोटी झाली, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या आल्या आणि जुन्या धाटणीचे दिवे लागले. "जुनं दिसावं म्हणून नवे दिवे!" तात्या फुत्कारतात. मला मिठाच्या पाण्यातली पिन आठवते. मी बोलत नाही; चहा अजून यायचा असतो.

सायकल मुळात तात्यांच्या घराण्यातली नव्हेच. ती नखासच्या रविवारच्या बाजारातली, पोपटांचे पिंजरे आणि जुन्या किल्ल्यांच्या ढिगाऱ्यामधून उचललेली. म्हणून एकदा वैतागून विचारलंच, "खानदानी खानदानी म्हणता, पण खानदान कुणाचं?"

उत्तराऐवजी त्यांनी हँडल उन्हात फिरवलं. डाव्या मुठीच्या जरा आत, ताटवाटीवर नाव घालतात तसं काहीतरी कोरलेलं होतं. उर्दू अक्षरं, तळहातानं घासून पुसट झालेली. पहिलं अक्षर मीम, याबद्दल सर्वांचं एकमत. पुढे चौकातल्या एका म्हाताऱ्या कातिबानं 'मुश्ताक' वाचलं, दुसऱ्यानं 'मुमताज', आणि अमीनाबादच्या मिस्त्रीनं ठामपणे 'मास्टर साहब'.

"पुन्हा क्रोम करायचं तर आधी उलटा करंट देऊन जुना थर उतरवतात," तात्या म्हणाले, "मग बफवर घासतात. त्यात हे जाणार. सायकल फाळणीनंतरची, पण लोक तेव्हाही जातच होते. मागे कुणी राहिलं असेल, नातूबितू. त्यानं लहानपणी दांडीवर बसून पाहिलेले हे डाग असतील. चकाचक केली तर त्याला ओळखू कशी येईल?"

तेव्हा उलगडलं की रविवारी सकाळी हा माणूस नखासच्या गर्दीतून सायकल हातात धरून इतक्या संथपणे का चालतो. आजवर कुणी ओळख दाखवलेली नाही. निवडणुकीच्या दिवसांत एका पोरानं "समाजवादीवाले हैं क्या?" विचारलं, तेवढंच. मला त्यांच्या डबे, चिठ्ठ्या आणि भिंगाचा जो राग होता, तो त्या दुपारी पुष्कळसा गेला. सगळा नाही; पोळ्यांची फॉइल मला अजून धुऊन द्यावी लागते.

मग उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी विचारलं, वडिलांना हा त्रास होता का? होता. "म्हणजे खानदानी," तात्या समाधानानं म्हणाले आणि लंगडत राहिले. शेवटी काकूंनीच विचारलं, "तुमच्या आरडीएसओनं हे चाक पास केलं असतं का?" तात्या रात्रभर गप्प होते. सकाळी ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं.

मांडीच्या हाडाला बसवायचा भाग कोबाल्ट-क्रोमचा, त्यात 27 ते 30 टक्के क्रोमियम. अख्ख्या सायकलीवर मिळून चिमूटभर क्रोम असेल. तात्यांच्या एका गुडघ्यात त्याच्या कितीतरी पट गेलं. त्यांनी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. पृष्ठभाग फार चमकतो का, आणि जुना पार्ट परत मिळेल का? नियमात बसत नव्हतं, म्हणून एक्स-रेवर समाधान मानून त्यालाच चिठ्ठी लावली.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी सायकल बाहेर निघाली. तात्यांनी अंगणात एक फेरी मारली. टक. थांबले, कॉटर पिन आवळली. पुन्हा फेरी, पुन्हा टक. उतरून क्रँकला कान लावला, तेल सोडलं, दत्तकाच्या खानदानाबद्दल काहीबाही बोलले. काकू पायरीवर वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, सायकल नाही, तुम्ही वाजताय."

तात्यांनी गुडघा वाकवून पाहिला. टक.

"हात्तिच्या," ते म्हणाले, "मी उगाच घाबरलो," आणि पुन्हा सायकलीवर चढले.